अडकलेल्या बिल्डची खबर कोण घेणार?

मा. संपादक, स. न. वि. वि.

सांगली-मिरजेतल्या लहान सॉफ्टवेअर कंपन्या आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी आता बिल्ड पाइपलाइन, म्हणजे कोड आपोआप तपासून त्याचे सॉफ्टवेअर तयार करणारी कामांची साखळी, सर्रास वापरतात. बिल्ड फेल झाली की लाल खूण उमटते, मेल येतो, कुणीतरी बघतो. अडकलेला जॉब (या साखळीतले एक काम) मात्र पिवळे चक्र फिरवत बसतो आणि कुणालाच काही कळवत नाही.

गिटहब अ‍ॅक्शन्स, गिटलॅब आणि जेन्किन्स ही अशा पाइपलाइन चालवणारी साधने. वेगळे सांगितले नाही तर गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये एक जॉब 360 मिनिटे चालू राहू शकतो. गिटलॅबमध्ये ही मुदत 60 मिनिटांची; जेन्किन्समध्ये आपण घातल्याशिवाय मुदतच नाही. एरवी 8 मिनिटांत उरकणाऱ्या जॉबला 20 मिनिटांचा टाइमआउट पुरेसा आहे.

पण हे घड्याळ जॉब रनरवर (जॉब प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोग्रामवर) चढल्यावर सुरू होते, रांगेत असताना नाही. खरी गोची इथे आहे. ऑफिसातल्या मशीनवर रनर ठेवलेला असतो, दुपारी वीज जाते, इन्व्हर्टरही उतरतो. वीज आल्यावर मशीन सुरू होते. रनर सर्व्हिस म्हणून, म्हणजे मशीनबरोबर आपोआप सुरू होईल असा, बसवलेला नसेल तर तो बंदच राहतो. गिटहबवर असा जॉब 24 तास रांगेत थांबून मग फेल होतो. जॉब कोणत्या रनरवर जायचा हे ठरवणाऱ्या लेबलात एका अक्षराची चूक असली तरी तेच.

म्हणून दर 5 मिनिटांनी एपीआयला (प्रोग्रामला माहिती देणाऱ्या दुव्याला) जॉबची स्थिती विचारणारी छोटी स्क्रिप्ट हवी. रांगेत 10 मिनिटांहून जास्त थांबलेले जॉब तिने वेगळे दाखवावेत. चालू जॉबचा वेळ त्याच जॉबच्या मागच्या 20 यशस्वी फेऱ्यांच्या मध्यकाशी ताडून पाहावा आणि तिपटीवर गेला की मेसेज पाठवावा. कुणाच्या मंजुरीसाठी थांबलेले जॉब यातून वगळा, नाहीतर रोज खोटी ओरड होईल आणि आठवड्यात सगळे ग्रुप म्यूट करतील. लॉग (जॉबची चालू नोंद) गप्प आहे एवढ्यावरही विसंबू नका. मोठी डॉकर इमेज (प्रोग्राम आणि त्याला लागणारे सगळे यांचा एकत्र गठ्ठा) बनताना तो बराच वेळ गप्प राहू शकतो.

टेस्टचे जॉब आपोआप मारायला हरकत नाही. डेटाबेस मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतला बदल) किंवा टेराफॉर्म (सर्व्हर वगैरे उभारणारे साधन) मध्येच मारले तर एका वेळी एकानेच बदल करावा म्हणून लावलेला लॉक तसाच राहू शकतो आणि पुढचा जॉबही अडकू शकतो. तिथे फक्त इशारा द्यावा, निर्णय माणसाने घ्यावा. मारण्याआधी प्रोसेसची यादी, डिस्कची स्थिती आणि प्रोग्राम जावातला असेल तर थ्रेड डंप (त्या क्षणी त्याचा कोणता भाग कुठे थांबला आहे याची नोंद) काढून ठेवा. बऱ्याचदा कारण फुटकळ निघते: एखादी कमांड पासवर्ड किंवा ‘वाय’ दाबण्याची वाट बघत असते, आणि तिथे कीबोर्डवर कुणीच नसते.

ही स्क्रिप्ट त्याच रनरवर ठेवू नये, हे सांगायला नकोच. गिटहबच्याच वेळापत्रकावर टाकायची तर एक ध्यानात ठेवा: सार्वजनिक रेपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) 60 दिवस हालचाल झाली नाही, तर वेळापत्रकावरचे काम आपोआप बंद होते.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली