मैफलीआधी शाळा

सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या, म्हणजे पाश्चात्त्य अभिजात संगीत वाजवणाऱ्या मोठ्या वाद्यवृंदाच्या, मैफली मुंबईबाहेरही व्हाव्यात, हे आपल्या अंकातील लेखाचे म्हणणे मनापासून पटले. मात्र नाशिकमध्ये त्याची सुरुवात कालिदास कलामंदिरातील तिकिटाच्या कार्यक्रमाने न होता महापालिकेच्या शाळांतून व्हावी. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना मुंबईत २००६ मध्ये झाली, तरी चेलोसारखे तंतुवाद्य किंवा ओबोसारखे फुंकून वाजवायचे वाद्य हाताच्या अंतरावरून ऐकण्याची संधी इथल्या किती मुलांना मिळाली? १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून संगीतशिक्षण सर्वसामान्यांसाठी खुले करणाऱ्या विष्णू दिगंबर पलुस्करांचे उत्तरायुष्य नाशिकमध्येच गेले, हे आयोजकांनी आवर्जून लक्षात घ्यावे. पाहुण्या वादकांनी मैफलीच्या दिवशी सकाळी दोन तास शाळेत द्यावेत, वाद्ये मुलांना हाताळू द्यावीत आणि संध्याकाळी त्याच मुलांसाठी पुढच्या रांगा राखून ठेवाव्यात.

– एक संगीतशिक्षिका, पंचवटी, नाशिक