एबीजीच्या कागदावर ऑक्सिजन आणि वेळ लिहा

संपादक महोदय,

निपाणी, चिकोडी, खानापूरहून अत्यवस्थ रुग्ण बेळगावला किंवा कोल्हापूरला पाठवताना सोबत एबीजीचा, म्हणजे रक्तातील वायूंच्या तपासणीचा कागद दिला असेल तर फार उपयोग होतो. पण रक्त काढताना ऑक्सिजन किती लिटर चालू होता आणि वाजले किती होते, हे त्यावर नसेल तर निम्मा अर्थ जातो. साध्या हवेवर पीओटू (रक्तातील ऑक्सिजनचा दाब) ७० येणे आणि मास्कमधून १० लिटर चालू असताना ७० येणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या रुग्णाची फुप्फुसे निकामी होत आहेत.

बोटाला लावलेल्या यंत्रात ऑक्सिजन ९८ टक्के दिसला की नातेवाईक निर्धास्त होतात, कधी कधी आम्ही डॉक्टरही. त्या यंत्राला कार्बन डायऑक्साइड कळत नाही. वर्षानुवर्षे विडी ओढलेल्या दमेकऱ्याला भरपूर ऑक्सिजन दिला तर आकडा छान दिसतो आणि माणूस गुंगीत जातो. पीएच (रक्ताच्या आम्लतेचे माप) ७.२८, कार्बन डायऑक्साइड ७०, बायकार्बोनेट (आम्ल शमवणारा रक्तातला क्षार) ३२ असा कागद आला, तर कार्बन डायऑक्साइड साठण्याचा आजार जुना आहे आणि आता त्यात नवी भर पडली आहे. अशा वेळी बोटाच्या यंत्रावर ८८ ते ९२ टक्के दिसेल इतकाच ऑक्सिजन द्यावा आणि मास्कने श्वास देणारे यंत्र लवकर लावावे. याउलट, दम्याच्या जोरदार झटक्यात धापा टाकणाऱ्या तरुणाचा कार्बन डायऑक्साइड ३५च्या खाली असायला हवा. तो ४२ आला तर 'नॉर्मल' म्हणून पुढे सरकू नये. तो थकला आहे.

साखर वाढून आम्ल साठलेल्या रुग्णात एक साधा हिशेब करावा: बायकार्बोनेटची दीडपट अधिक ८. बायकार्बोनेट ८ असेल तर कार्बन डायऑक्साइड २०च्या आसपास, दोन कमी-जास्त, हवा. तो ३२ असेल तर श्वास कमी पडतोय, आणि हा रुग्ण तसाच रुग्णवाहिकेत घालून पाठवणे धोक्याचे. मात्र या आजारात पीएच आणि बायकार्बोनेट पाहायला शिरेतले रक्त पुरते, दर वेळी मनगटाची धमनी टोचायची गरज नाही. घोणस किंवा फुरसे चावलेल्या रुग्णात तर ती टोचूच नये. त्याचे रक्त गोठत नसते. मण्यारीच्या दंशात पापण्या मिटू लागल्या, मान सावरेना, की श्वासाकडे पाहून निर्णय घ्यावा. कागदावर कार्बन डायऑक्साइड चढेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

नमुना नीट नसेल तर हे सगळे वाया. सिरिंजमध्ये पातळ हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध) उरले तर कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट दोन्ही खोटे कमी येतात. हवेचा बुडबुडा राहिला तर पीओटू हवेच्या आकड्याकडे, १५०च्या दिशेने सरकतो. बुडबुडा लगेच काढावा, टोपण लावावे, सिरिंज तळहातांत फिरवून रक्त मिसळावे आणि अर्ध्या तासात यंत्रात घालावे. प्लास्टिकची सिरिंज बर्फात ठेवू नये.

आणखी एक. यंत्रातून निघणारा कागद उष्णतेने काळा पडतो. उन्हाळ्यात रुग्णवाहिकेच्या काचेजवळ ठेवला तर वाचण्यासारखा राहत नाही. म्हणून पीएच, कार्बन डायऑक्साइड, बायकार्बोनेट, लॅक्टेट (शरीराला ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा घटक) हे आकडे, ऑक्सिजनचे लिटर आणि वेळ रेफरल चिठ्ठीवर पेनाने लिहावे. तालुका रुग्णालयांच्या रेफरल फॉर्मवर यासाठी दोन ओळींची जागा छापून घ्यावी, ही आरोग्य खात्याला विनंती. नातेवाइकांनीही रुग्णवाहिकेत चढण्याआधी त्या ओळी भरल्या आहेत का, हे पाहावे.

— तातडीच्या विभागातील एक डॉक्टर, बेळगाव