तुळशीच्या वैद्यांचे आभार

गच्चीतल्या तुळशीची पानं आक्रसून करपायला लागली, तेव्हा जो तो "पाणी कमी पडतंय" म्हणत होता. रोपवाटिकेतल्या मावशींनी मात्र पान उलटं केलं. खाली काळे ठिपके आणि जाळीदार पंखांचे इवलेसे ढेकूण, रस शोषत बसलेले! शेजारच्या काकांनी उपाय सांगितला: खराब शेंडे छाटा, लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण घुसळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा, आठवड्याने पुन्हा. फवारलेली पानं इतक्यात चहात नकोत, हेही त्यांनीच बजावलं. (वासाबद्दल घरच्यांचं मत छापण्याजोगं नाही.) नवी पालवी सरळ येतेय. मावशी, काका आणि भिंग उसनं देणारी खालच्या मजल्यावरची चिमुरडी, मनापासून धन्यवाद! भिंग उद्या पोचवते.