नाईटवर जगणाऱ्यांनाही मंडळ हवं

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

मी कोपरखैरण्याचा. वडील तुर्भ्याच्या बाजारात माथाडी, मी नाटकांचे लाइट्स करतो. आम्हा बॅकस्टेजवाल्यांना पगार नसतो, नाईट असते. प्रयोग झाला तर पैसे. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे वाशीचं भावे, ठाण्याचं गडकरी, सगळी नाट्यगृहं बंद झाली आणि नाईटही गेली. नोव्हेंबरात निम्म्या खुर्च्यांची परवानगी आली, एप्रिल 2021 मध्ये पुन्हा कुलूप, ते निघालं थेट 22 ऑक्टोबरला.

मधल्या काळात पोरांनी जमेल ते केलं. रंगभूषा करणारी मैत्रीण डबे देऊ लागली. एक नट कपाटात गोधड्या टांगून आत बसायचा आणि ऑडिओबुक रेकॉर्ड करायचा. शेजारच्या कुकरची शिट्टी आली की परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करायला शिकलो. लग्नं 50 पाहुण्यांची, पैसेही त्याच मापाचे. लोक याला जिद्द म्हणतात. म्हणोत बापडे! नेपथ्य लावणारा आमचा एक हुशार गडी भाजीच्या गाडीवर गेला तो परतलाच नाही. आणि खरं सांगू, त्याचं बरं चाललंय.

शासनाने 2021 मध्ये कलावंतांना एकदाच 5,000 रुपये द्यायचं ठरवलं. ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनाला पन्नाशी लागते. पंचविशीतल्याने तोवर काय खायचं?

माझ्या बाबांनाही एक मालक नाही. आज या गाळ्यावर, उद्या त्या. पण 1969 च्या माथाडी कायद्यामुळे त्यांच्या कामगार टोळीची माथाडी मंडळात नोंद आहे. व्यापारी मजुरीवर लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्के जादा रक्कम, मंडळात भरतो, त्यातून फंड, बोनस, औषधपाणी निघतं. काम त्यांचंही रोजंदारीचं, माझंही रोजंदारीचं; कागद फक्त त्यांच्याकडे आहे.

तसंच मंडळ आमच्यासाठी काढा. निर्माता आणि इव्हेंटवाला नाईटवर लेव्ही भरेल, तिकिटामागे थोडी भर प्रेक्षक घालेल. निर्माते कुरकुरतील, त्यांचेही हात तेव्हा पोळलेत. पण माथाडी कायद्याविरुद्ध व्यापारीही कोर्टात गेले होतेच.

कायद्याला वेळ लागेल, हे कळतं. तोवर निदान पालिकांच्या नाट्यगृहांना एक आदेश द्या: प्रयोगाच्या रजिस्टरमध्ये निर्मात्याच्या नावाच्या खाली त्या रात्रीच्या बॅकस्टेजवाल्यांचीही नावं आणि सह्या घ्या. त्याला ना निधी लागतो, ना अधिवेशन.

आपला,
एक लाइट्सवाला, कोपरखैरणे, नवी मुंबई