‘निर्मोण’ पुन्हा पडद्यावर यावा

संपादक महोदय,

घरी नातवंडांना जुना कृष्णधवल चित्रपट लावून दिला, तर पाच मिनिटांत ‘रंग कुठे गेले?’ म्हणून ओरड. त्यांना काय सांगणार! १९८४ साली दूरदर्शनवर ‘हम लोग’ मालिका लागायची तेव्हा शेजाऱ्यांच्या ओसरीवर बसून आम्ही पाहिली, आणि चित्र हललं की कोणीतरी कौलांवर चढून अँटेना फिरवायचा.

पण खरी खंत गोव्याच्या स्वतःच्या चित्रपटांची आहे. निर्माते फ्रँक फर्नांड यांचा कोकणी चित्रपट ‘आमचें नशीब’ १९६३ चा, ‘निर्मोण’ १९६६ चा. ‘निर्मोण’वरून राजश्री या चित्रपटसंस्थेने लगेच १९६७ मध्ये हिंदीत ‘तकदीर’ काढला. कोकणी कथा हिंदीत गेली, हे आज फोंड्यात कॉलेजच्या किती मुलांना माहीत असेल? आम्ही घरात मराठी बोलणारे, तरी या चित्रपटांची गाणी कोकणीतच गुणगुणतो.

२००४ पासून ‘इफ्फी’ हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो, जगभरचे सिनेमे येतात. छान आहे. मात्र एरवी वर्षभरात एखाद्या रविवारी सकाळी पणजीतल्या मॅकिनेझ पॅलेसच्या सभागृहात हे दोन चित्रपट साध्या तिकिटात दाखवता येणार नाहीत का? ‘निर्मोण’ला लागूनच ‘तकदीर’ दाखवला तर आणखी मजा. नातवंडांना मी ओढून आणीन, भजी-पावाचं आमिष दाखवून.

– एक वाचक, फोंडा