प्रशिक्षण विमानांना छोटे टर्बाइन परवडणारे नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वैमानिक प्रशिक्षणावरील लेखात आपल्या दैनिकाने नुकतेच असे सुचवले आहे की, प्रशिक्षण संस्थांनी पिस्टन इंजिनांची दोन-चार आसनी विमाने टप्प्याटप्प्याने बाजूला काढून छोट्या टर्बाइन इंजिनांची, म्हणजे जळत्या वायूच्या झोताने पाती फिरवून चालणाऱ्या इंजिनांची, विमाने घ्यावीत. लेखात मांडलेली अडचण खरी आहे. उपाय मात्र मला पटत नाही. माझी उभी नोकरी विमान देखभालीत झाली असल्याने त्याची कारणे जरा तपशिलाने लिहितो.

अडचण इंधनाची आहे. बहुतेक छोटी विमाने अ‍ॅव्हगॅस १०० एलएल या पेट्रोलवर चालतात आणि इंजिनात नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून बसणारे धक्के, होऊ नये म्हणून त्यात शिशाचे संयुग मिसळलेले असते. युरोपीय संघात १ मे २०२५ पासून या संयुगाच्या वापरासाठी विशेष परवानगी लागते आणि अमेरिकेने २०३० अखेरपर्यंत ते हद्दपार करण्याचे ठरवले आहे. आपण तर हे इंधन २०२२ पर्यंत आयातच करत होतो; इंडियन ऑइलने ते वडोदऱ्याच्या रिफायनरीत तयार करायला घेतले आणि पुढच्याच वर्षी न्हावा-शेव्याहून पापुआ न्यू गिनीला निर्यातही केली, ही कौतुकाची गोष्ट आहे. तरीही जिथे प्रवासी विमाने उतरतात तिथे एटीएफ, म्हणजे जेट विमानांचे रॉकेलसारखे इंधन, हमखास मिळते आणि अ‍ॅव्हगॅस मिळेलच असे नाही. टर्बाइन एटीएफवर चालते, हलके असते, थरथरत नाही आणि पिस्टन इंजिनापेक्षा क्वचित बंद पडते. इथपर्यंत लेखकाशी माझे पूर्ण एकमत आहे.

पुढचा प्रश्न आकाराचा आहे. टर्बाइन लहान करत नेले की त्याचे गुण त्याच प्रमाणात लहान होत नाहीत, ते झपाट्याने घसरतात. फिरणारी पाती आणि बाहेरचे आवरण यांच्यात थोडी फट ठेवावीच लागते, कारण तापल्यावर धातू वाढतो आणि पाते आवरणाला घासले तर इंजिन गेलेच म्हणून समजा. मोठ्या इंजिनात पात्याची उंची १० सेंटीमीटर आणि फट अर्धा मिलिमीटर धरली, तर ती पात्याच्या अर्धा टक्का भरते. दीडशे-दोनशे अश्वशक्तीच्या इंजिनात पाते जेमतेम १ सेंटीमीटरचे असते. तिथे फट पाव मिलिमीटरवर आणली तरी ती अडीच टक्के होते आणि दाबाखालची हवा तिथूनच निसटते. मोठ्या इंजिनांची पाती आतून पोकळ ठेवून त्यांतून थंड हवा खेळवता येते, म्हणून ती अधिक तापमान सोसतात. नखाएवढ्या पात्यात अशा वाटा काढणार कुठे? त्यामुळे तापमान कमी, दाब कमी आणि इंधनातून मिळणारे कामही कमी. शिवाय वेग प्रचंड. चारशे अश्वशक्तीच्या, सुमारे ७० किलो वजनाच्या आणि जगभर नावाजलेल्या रोल्स-रॉइस एम २५० मध्ये गॅस निर्माण करणारा भाग मिनिटाला सुमारे ५१ हजार फेरे घेतो आणि प्रोपेलरला हवे असतात दोन हजारांच्या आसपास. प्रोपेलरला शक्ती देणारे वेगळे टर्बाइनही मिनिटाला सुमारे ३३ हजार फेरे घेते आणि तिथून दोन हजारांपर्यंतची तफावत गिअरबॉक्सने भरून काढायची असते.

इंधनाचा हिशेब मांडला की चित्र स्पष्ट होते. नेहमीच्या १८० अश्वशक्तीच्या लायकमिंग कंपनीच्या पिस्टन इंजिनाला एका अश्वशक्तीसाठी तासाला सुमारे २०० ग्रॅम इंधन लागते. छोट्या टर्बाइनला पूर्ण शक्तीवर ३०० ग्रॅम लागते आणि शक्ती कमी केली की हा आकडा वाढतो. आपण ३३० धरू. उड्डाणात १३० अश्वशक्ती वापरली, तर चार तासांत पिस्टन विमान १०४ किलो आणि टर्बाइन विमान १७० किलोंहून थोडे अधिक इंधन पिईल. टर्बाइन बसवून इंजिनाच्या वजनात ६०-७० किलो वाचतात खरे, पण ते सगळे टाकीत भरून पुन्हा वाहून न्यावे लागतात आणि वर त्याचे पैसे मोजावे लागतात.

प्रशिक्षणात तर हे गणित आणखी बिघडते. टर्बाइनला उंच आकाश, मोठी शक्ती आणि लांब पल्ला मानवतो. शिकाऊ वैमानिक दिवसभर धावपट्टीभोवती सर्किट मारतो, उतरतो, पुन्हा टेक-ऑफ घेतो, रांगेत इंजिन चालू ठेवून थांबतो. जमिनीवर नुसते चालू असलेले टर्बाइनसुद्धा पूर्ण शक्तीच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास इंधन पिते. त्याची पाती ज्यांवर बसवलेली असतात त्या चकत्यांचे आयुष्य तासांप्रमाणेच किती वेळा सुरू-बंद केले यावरही मोजले जाते. आणि ‘हॉट स्टार्ट’चा धोका असतोच: बॅटरी मंद असताना फेरे पुरेसे वाढण्याआधी इंधन सोडले, तर काही सेकंदांत तापमान मर्यादेपलीकडे जाते आणि इंजिन उघडून तपासावे लागते. संगणकीय नियंत्रणाने हा धोका पुष्कळ कमी होतो, पण ते नियंत्रणही फुकट येत नाही. स्वस्तात शिकवण्यासाठी घेतलेल्या विमानावर असा खर्च म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

छोट्या टर्बाइनचा मोह नवा नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात नासाने विल्यम्स कंपनीबरोबर स्वस्त छोट्या जेट इंजिनावर काम केले. त्याच वाटेने आलेले ईजे २२ हे जेमतेम ४० किलोंचे इंजिन एक्लिप्स ५०० या विमानात बसवले गेले. ऑगस्ट २००२ मध्ये विमान उडाले आणि त्याच वर्षी ते इंजिन सोडून देण्यात आले. दुसरे, मोठे इंजिन आले, दहा लाख डॉलरच्या आत सांगितलेली किंमत दुपटीच्या पुढे गेली आणि २००८ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. रोल्स-रॉइसनेही २००८ मध्ये छोट्या विमानांसाठी आरआर ५०० जाहीर केले होते. ते बाजारात आलेच नाही. याच्या उलट, त्याच घराण्यातले आरआर ३०० रॉबिन्सन आर ६६ हेलिकॉप्टरवर २०१० पासून उत्तम चालते, कारण हवेत तरंगताना प्रत्येक किलो मोजावा लागतो आणि सतत मोठी शक्ती लागते. तिथे टर्बाइन आपली किंमत वसूल करते.

फ्रान्सची टर्बोटेक कंपनी बाहेर जाणारी उष्णता परत वापरणारे छोटे टर्बाइन बनवते. माझ्या मते या क्षेत्रातला हाच एक गंभीर प्रयत्न आहे, कारण तो नेमका इंधनाच्या दुखण्यावर बोट ठेवतो. पण उष्णता परत घेणारा भाग वजन वाढवतो, आणि कमी वजन हेच तर टर्बाइनचे भांडवल.

एटीएफवरच उडायचे असेल तर आज डिझेल पिस्टन इंजिन उपलब्ध आहे. डायमंडच्या डीए ४० एनजी विमानातले १६८ अश्वशक्तीचे ऑस्ट्रो इंजिन मर्सिडीजच्या मोटारीच्या इंजिनावरून घेतलेले आहे. ते १८० किलोंच्या वर जाते, म्हणजे चांगलेच जड आहे, पण अश्वशक्तीमागे टर्बाइनच्या जवळपास निम्मेच इंधन घेते. त्यातही धोके आहेत. २००८ मध्ये थिलर्ट ही जर्मन डिझेल इंजिन कंपनी बुडाली तेव्हा सुट्या भागांसाठी विमानमालकांचे हाल झाले होते. म्हणून खरेदीच्या करारात सुट्या भागांचा पुरवठा आणि ओव्हरहॉलची, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून केलेल्या दुरुस्तीची, किंमत बांधून घेणे आवश्यक आहे.

छोट्या टर्बाइनवर सरकारने खर्च करूच नये, असे माझे म्हणणे नाही. एचएएलने ‘लक्ष्य’ या वैमानिकरहित विमानासाठी पीटीएई-७ हे छोटे जेट इंजिन देशातच घडवले. ड्रोन आणि हलक्या हेलिकॉप्टरांसाठी त्या अनुभवावर पुढे काम व्हायला हवे. प्रशिक्षण विमानासाठी मात्र कुणी टर्बाइनचा प्रस्ताव घेऊन आला, तर पूर्ण शक्तीवरचा आकडा न पाहता, अर्ध्या शक्तीवर आणि जमिनीवर उभे असताना तासाला किती लिटर लागते ते त्याच्याकडून लेखी घ्यावे.

आपला,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता, पुणे