एका जुडग्यातल्या दोन किल्ल्या

ठाणे,
रविवार, संध्याकाळ

प्रिय मित्रा,

परवा फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, "प्रोग्रॅमला सोळा थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे सोळा धागे, दिले तर आठपेक्षाही हळू चालतंय, माझंच काहीतरी कच्चं आहे." ते वाक्य अजून डोक्यातून गेलेलं नाही. पंचगंगेच्या पुराचा संगणकी नमुना उभा करायला तू दोन वर्षं घातलीस. २०१९ चं आणि २०२१ चं पाणी कोल्हापुरात राहून पाहिलंस. आता निकाल वेळेत निघत नाहीत, तर दोष स्वतःला देतोयस. तुझ्या गणितावर माझा भरवसा आहे. मला संशय वेगळ्याच जागेचा येतोय, आणि तो फोनवर सांगण्यासारखा नाही. पत्र लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी माझ्यावर काय गुदरलं ते ऐक. ऐरोलीला आमच्याकडे विजेच्या मीटरांची रीडिंग घेणारा एक प्रोग्रॅम आहे. एक थ्रेड बाहेरून येणारे संदेश घेतो, बाकीचे ते सोडवून पुढे पाठवतात. मागच्या पावसाळ्यात काम वाढलं म्हणून दोन सॉकेटचा, म्हणजे दोन प्रोसेसरांचा, मोठा सर्व्हर आला. चार थ्रेडपर्यंत वेग वाढत गेला. आठ केले, तर चारपेक्षा कमी! टॉप या आज्ञेत पाहावं तर सगळे कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले गणित करणारे भाग, शंभर टक्के कामात. वरून बघणाऱ्याला वाटावं, मशीन जीव तोडून राबतंय. पर्फ या मोजमापाच्या हत्यारातला स्टॅट लावला तेव्हा कळलं की एका सायकलमागे, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाच्या एका ठोक्यामागे, एक सूचनासुद्धा पुरी होत नाहीये. म्हणजे कोअर राबत नव्हते, ताटकळत होते.

कशासाठी, ते कळायला तीन आठवडे गेले. पर्फ रेकॉर्ड केलं, ओळीगणिक वेळ दाखवणारं अॅनोटेट उघडलं, तर सगळा वेळ एकाच ओळीवर: "थांबायचं का?" हा हो-नाहीचा झेंडा तपासणारी ओळ. त्या झेंड्यात दिवसातून एकदा, प्रोग्रॅम बंद करताना, बदल होतो. बाकी सगळे थ्रेड तो फक्त वाचतात. तिथे लॉक नाही, काही नाही. एक साधा इफ. मी तो इफ इतक्या वेळा लिहून पुसला की शेवटी डोळे मिटूनही दिसायचा. मेमरी ॲलोकेटर बदलून पाहिला, कंपायलरचे पर्याय बदलले, नेटवर्कवाल्यांशी वाद झाला. रात्री साडेदहाच्या ट्रान्सहार्बर लोकलने परत येताना खिडकीत डोकं टेकून तोच इफ. (मधे दिघा गाव स्टेशन झालंय, २०२४ मध्ये. तू इथे होतास तेव्हा गाडी ऐरोलीवरून थेट ठाण्याला यायची.)

तुला नौपाड्यातली आपली जुनी इमारत आठवत असेल. गच्चीची किल्ली आणि पंपाच्या खोलीची किल्ली एकाच जुडग्यात असायची, आणि जुडगा ज्याने शेवटी वापरला त्याच्या घरी. काकूंना पापड वाळत घालायला गच्ची हवी, बाबांना पाणी चढवायला पंप. काकूंना पंपाशी देणंघेणं नव्हतं आणि बाबा वर्षातून एकदा, पतंगाच्या दिवसांत, गच्चीवर जायचे. तरी उन्हाळ्यातल्या निम्म्या सकाळी "जा रे, जुडगा घेऊन ये" म्हणून आपल्याला जिन्यात पिटाळलं जायचं. भांडण किल्ल्यांचं नव्हतंच. त्या एका कडीत अडकल्या होत्या, एवढंच.

प्रोसेसरच्या कॅशमध्ये, म्हणजे कोअरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत, हेच घडतं. कोअर मेमरीतून एकटा बाइट कधी आणत नाही, अख्खा तुकडा उचलतो. त्याला कॅश लाइन म्हणतात. तुझ्या-माझ्या इंटेल किंवा एएमडीच्या मशीनवर ती ६४ बाइटची असते, ॲपलच्या नव्या चिपांवर १२८ ची. एखाद्या कोअरला त्यातल्या एका बाइटवर जरी लिहायचं असलं, तरी आधी पूर्ण लाइनचा ताबा घ्यावा लागतो. जुडग्याची उपमा इथे थोडी तोकडी पडते, कारण नुसतं वाचायचं असेल तर एकाच लाइनच्या प्रती दहा कोअरकडे सुखाने राहू शकतात. पण कुणी एकाने लिहिलं की बाकीच्या सगळ्या प्रती त्याच क्षणी बाद होतात. मग वाचणाऱ्याला ताजी लाइन त्या लिहिणाऱ्याच्या कॅशमधून ओढून आणावी लागते. स्वतःच्या एल-वन, म्हणजे सगळ्यात जवळच्या, कॅशमधून चार-पाच सायकलींत मिळणारी गोष्ट दुसऱ्या सॉकेटवरून आणायला काही शे सायकली लागतात. हे दर संदेशाला, दर थ्रेडवर.

दोन चलांचा एकमेकांशी संबंध नसताना केवळ एका लाइनीत राहिल्यामुळे ही ओढाताण होते, तिला फॉल्स शेअरिंग म्हणतात. वाईट भाग असा, की कोडमध्ये ती कुठेच लिहिलेली नसते. कोड वाचून निर्दोष दिसतो, कारण तो निर्दोषच असतो. आणि वेळ कुठे जातो ते सांगणारा साधा प्रोफायलर बोट दाखवतो ते ताटकळणाऱ्याकडे, ताटकळत ठेवणाऱ्याकडे नाही.

आता त्या हत्याराबद्दल. पर्फ लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आलं २००९ ला. त्यातली सीटूसी ही उपआज्ञा बरीच नंतरची, २०१७ च्या ४.१० आवृत्तीतली. सीटूसी म्हणजे कॅश टू कॅश. रेड हॅटमधल्या जो मारिओ, डॉन झिकस वगैरे मंडळींनी ती घडवली आणि यिरी ओल्साने कर्नलच्या मुख्य कोडसाठ्यात नेली. ज्यांनी आधी हे सगळं अंदाजाने शोधलं असेल त्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार आहे. मला तीन आठवडे न दिसलेली गोष्ट या आज्ञेने पाच सेकंदांच्या नोंदीत दाखवली.

ती स्वतः काही ओळखत नाही, प्रोसेसरला विचारते. इंटेलच्या चिपमध्ये अशी सोय आहे की मेमरीतून वाचणाऱ्या सूचनांपैकी काही नमुन्यादाखल पकडायच्या आणि प्रत्येकीबरोबर पत्ता, लागलेल्या सायकली आणि माल कुठून आला हे टिपायचं. एएमडीवर हेच काम आयबीएस नावाची सोय करते. सीटूसी हे नमुने कॅश लाइनप्रमाणे गोळा करून मांडते, म्हणजे कुठल्या फंक्शनला वेळ लागला याच्याऐवजी कुठल्या लाइनीवर ओढाताण आहे ते दिसतं. माझ्या लेखी सगळी जादू या एका बदलात आहे.

प्रोग्रॅम पूर्ण जोरात चालू असताना दुसऱ्या टर्मिनलवर पर्फ सीटूसी रेकॉर्ड लाव, सगळ्या सीपीयूंसाठी, पाच सेकंद. जास्त वेळ लावू नकोस, फाइल उगाच फुगते. मग पर्फ सीटूसी रिपोर्ट. प्रोग्रॅम बांधताना (कंपाइल करताना) डॅश-जी हा पर्याय दिलेला असू दे, नाहीतर ओळ क्रमांकांऐवजी नुसते पत्ते दिसतील.

अहवाल पहिल्यांदा बघितलास तर घाबरशील, इतके रकाने आहेत. सुरुवातीला एकूण बेरजा असतात. तिथे एकच शब्द शोध: हिट-एम. वाचायला गेलो आणि लाइन दुसऱ्याच्या कॅशमध्ये बदललेल्या अवस्थेत सापडली, असे किती प्रसंग झाले त्याचा हा आकडा. लोकल म्हणजे त्याच सॉकेटवरचा कोअर, रिमोट म्हणजे पलीकडच्या. रिमोटचा आकडा मोठा असेल तर दुखणं महागाचं. पुढचं कोष्टक सगळ्यात त्रस्त लाइनी क्रमाने दाखवतं, आणि त्याच्यापुढचं प्रत्येक लाइनीच्या पोटात शिरतं: कितव्या बाइटवर वाचन, कितव्यावर लेखन, कुठल्या फंक्शनमधून, फाइलीच्या कुठल्या ओळीतून, कुठल्या नोडवरून (म्हणजे साधारण कुठल्या सॉकेटवरून). सगळा जीव त्या ऑफसेटच्या, म्हणजे कितव्या बाइटच्या, रकान्यात आहे. आकडे सोळाच्या पायावर असतात हे विसरू नकोस. १८ दिसलं तर ते आपलं २४.

मी पाहिलं तेव्हा पहिल्याच लाइनीत दोन ऑफसेट होते. एक ८, तिथे सात थ्रेडांची वाचनं आणि जवळजवळ सगळे हिट-एम. दुसरा १८, तिथे एकाच थ्रेडची लेखनं. ८ वर माझा झेंडा. १८ वर "आतापर्यंत किती संदेश आले" हा मोजणीचा आकडा, जो संदेश घेणारा थ्रेड दर संदेशाला एकने वाढवत होता. कधीकाळी कुणीतरी नीटनेटकेपणाने दोघांना एका स्ट्रक्टमध्ये, म्हणजे चलांच्या एका गठ्ठ्यात, शेजारी ठेवलं होतं. तो आकडा दर वेळी वाढला की सातही जणांच्या झेंड्याच्या प्रती बाद. खिडकीबाहेर खाडीवर ऊन होतं आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. बाबांची आठवण आली, हातात जुडगा घेऊन जिना उतरणारे. तेव्हाच घरी फोन केला, कारण काही सांगितलं नाही.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. मोजणीच्या चलाला अलाइन-ॲज ६४ लावून ते स्वतःच्या लाइनीत हलवलं आणि त्याच्यामागे दुसरं काही येणार नाही एवढी जागा सोडली. दुसऱ्या दिवशी तेही बदललं: संदेश घेणारा थ्रेड आता मोजणी स्वतःजवळ ठेवतो आणि सेकंदातून एकदाच जाहीर करतो. आठ थ्रेडांचा वेग चारांच्या दुपटीजवळ गेला. स्ट्रक्टमध्ये कोण कुठे बसलंय ते पाहायला पाहोल नावाची आज्ञा आहे, ती कॅश लाइनीच्या सीमा आखून दाखवते. हे सापडल्यावर मी आमची सगळी स्ट्रक्टं तिच्यातून काढली.

आता तुझं. तू फोनवर सांगितलंस की प्रत्येक थ्रेड नदीपात्राच्या आपल्या पट्ट्यातलं पाणी बेरीज नावाच्या ॲरेत स्वतःच्या घरात मिळवत जातो. सोळा थ्रेड, सोळा डबल (दशांश आकडे), प्रत्येकी ८ बाइट. म्हणजे एका लाइनीत आठ शेजारी, आणि अख्खा ॲरे दोन लाइनींत, सुरुवात लाइनीच्या सीमेवर नसेल तर तीन. कुणी कुणाच्या घराला हात लावत नाही म्हणून तुला ते सुरक्षित वाटलं, आणि बरोबर उत्तर येण्यापुरतं ते सुरक्षित आहेही. उपाय सोपा: आतल्या लूपमध्ये बेरीज स्थानिक चलात ठेव आणि पट्टा संपल्यावर एकदाच ॲरेत लिही. थ्रेडांत काम वाटून देणारं ओपनएमपी वापरत असशील तर रिडक्शन लिही, ते हेच करतं.

पण आधी मोज, मग बदल. वेगासाठीच्या डॅश-ओ-टू पर्यायाने बांधल्यावर कंपायलर कधी कधी ती बेरीज आपणहून कोअरच्या आतल्या रजिस्टरमध्ये ठेवतो, मग हा त्रास तुझ्याकडे नसेलच. सीटूसीत हिट-एम नगण्य निघाले तर माझा संशय चुकला असं समज. तुझ्यासारख्या जाळीच्या गणितात मेमरीची वाहतूकच अपुरी पडणं सर्रास होतं, आणि तेव्हा थ्रेड वाढवून वेग वाढत नाही. हिट-एम भरपूर आहेत पण सगळे एकाच ऑफसेटवर, तर ते खरंखुरं शेअरिंग आहे. एकच किल्ली सगळ्यांना हवी आहे. तिथे मोकळी जागा सोडून काही होणार नाही, रचनाच बदलावी लागेल. आणि एक कळकळीची विनंती, सापडलं म्हणून प्रत्येक चलाभोवती ६४ बाइटचं कुंपण घालू नकोस. आमच्याकडे एकाने उत्साहाने ते केलं आणि कॅश मोकळ्या जागेनेच भरली. ज्यावर सतत लिहिलं जातं आणि ज्याच्या शेजारी दुसऱ्याचा वावर आहे, तेवढंच वेगळं काढ.

अहवालाची पहिली दोन पानं मला पाठव, आकडे न झाकता. पुढच्या पावसाआधी तुझा नमुना धावला पाहिजे, आणि मला त्यात हातभार लावायचाय. दिवाळीला येशीलच, तेव्हा तलावपाळीवर बसून बाकीचं बोलू. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
खालच्या मजल्यावरचा

ता. क. तुझं कॉलेजचं मशीन व्हर्च्युअल असेल तर पर्फ सीटूसी बहुधा चालणार नाही, कारण प्रोसेसरची ती सोय पाहुण्या मशीनला सहसा दाखवलेली नसते. लॅबमधला एखादा खरा सर्व्हर मागून घे, आणि परवानगीचा अडथळा आला तर सुडोने, म्हणजे ॲडमिनच्या अधिकारात, लाव. सरांनी नाही म्हटलं तर मला कळव. आमच्या ऑफिसात चाचणीचं एक मशीन शनिवारी मोकळं असतं, मी विचारून ठेवलंय.